रोवण्यानंतरचा फुटबॉल

पोळा सरला की आमच्याकडच्या हवेला एक वेगळाच वास येतो. साचलेल्या पाण्याचा, हिरव्या धानाचा आणि त्यात थोडासा शेणाचा. भंडाऱ्याला राहायला येऊन मला आता पुष्कळ वर्षं झाली. घराच्या चारी बाजूंना सिमेंट आहे. तरी भादवा लागला की एखाद्या दुपारी पाऊस थांबतो, पिवळं ऊन पडतं आणि कुठून कोण जाणे तो वास गल्लीत शिरतो. मग माझ्या हातातलं काम हळू होतं. निवडायला घेतलेली भाजी सुपात तशीच राहते. मी रोवणा संपल्यानंतरच्या त्या रिकाम्या दिवसांत जाऊन बसते, जेव्हा बायकांना पाठ टेकायला वेळ मिळायचा आणि आमच्या गावाला फुटबॉलचं वेड लागायचं.

सानगडी माझं माहेर. तिथून तीन कोसांवर, तलावाकाठच्या एका लहान गावात मला दिलं होतं. गावात सगळी धानाची शेती. रोवणा, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावायचं काम, चालू असलं की गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी राहत. महिनाभर वाकून वाकून बायकांच्या पाठी धनुष्यासारख्या व्हायच्या. पायाच्या बोटांत चिखल्या व्हायच्या, रात्री त्यांवर हळद-तेल लावलं तरी आग थांबत नसे. आणि मग एके दिवशी शेवटची बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, रोवून संपायची. दुसऱ्या सकाळी जाग आली की कुठंच जायचं नाही, हे आठवायला थोडा वेळ लागायचा. धान आपलं आपण वाढत राहायचं. कापणीला दोन-अडीच महिने असायचे.

त्या दिवसांत फुटबॉल व्हायचा. तोही आखरावर. आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथं सकाळी गावची जनावरं जमतात आणि गुराखी त्यांना रानात घेऊन जातो. जनावरं गेली की पोरं फावड्यानं शेण ओढून टाकायची, बांबूचे खांब उभे करायची, वरून दोरी बांधायची. एका अंगाला तलावाची उंच पाळ होती. त्या पाळीवर आम्ही बायका बसायचो, पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन.

लग्न होऊन आले तेव्हा मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. घरात मात्र त्याच्याशिवाय बोलणं नव्हतं. आमचे हे शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत गुरुजी. भंडाऱ्याला ट्रेनिंगला असताना त्यांनी खेळाचे सगळे नियम शिकून घेतले होते, आणि त्यांच्याकडे एक स्टीलची शिट्टी होती. माझा दीर हिवराज त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटा. तो शेती पाहायचा आणि गावच्या टीमचा कॅप्टन होता. मागे, गोलकीच्या, म्हणजे गोलच्या खांबांच्या, पुढ्यात उभा राहायचा. अंगानं आडवा, रागानं तापट. बॉल त्याच्याजवळून गेला तर माणूस जात नसे, आणि माणूस गेला तर बॉल जात नसे, असं गावात म्हणायचे.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या भादव्यात गावाची फार नाचक्की झाली. साकोलीकडची एक टीम खेळायला आली होती. दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी एक गोल केला. बॉल दोरीखालून गेला की दोरीवरून, यावर वाद झाला. रेफ्री तिसऱ्याच गावचा होता, त्यानं गोल दिला. हिवराज रेफ्रीच्या अंगावर धावून गेला. मग त्यानं बॉल उचलला, काखेत मारला आणि म्हणाला, "चला रे, नाई खेळत आमी." आणि अकराच्या अकरा पोरं आखर सोडून निघून गेली.

पाहुणे थोडा वेळ उभे राहिले, मग बैलगाड्या जुंपून तेही निघाले. घरी चुलीवर पन्नास माणसांचा भात होता, वांग्या-आलूची भाजी होती. माझ्या सासूनं, जिला आम्ही माय म्हणायचो, आणि शेजारच्या जनामायनं सकाळपासून रांधलं होतं. ते सगळं तसंच राहिलं. जनामाय भातानं भरलेल्या गंजाकडं पाहत म्हणाली, "खायाले बोलावून पाहुण्याले उपाशी धाडला. आता या फुटबॉलसाठी मी चुलीजवळ नाई येत. माझा हात नाई लागन."

हे पाहुण्यांच्या गाड्यांच्या मागं गावाच्या शिवेपर्यंत चालत गेले. हात जोडून त्यांची माफी मागितली. हिवराजनं ते लांबून पाहिलं होतं. संध्याकाळी तो यांना म्हणाला,

"दादा, तू कायले गेला त्याईच्या मांगं?"

"कोनाले तरी जा लागत होतं," एवढंच हे म्हणाले.

त्यानंतर वर्षभर दोघा भावांत फुटबॉलचा विषय निघाला नाही. बैलाचं बोलायचे, खताचं बोलायचे. एका ताटाशेजारी दुसरं ताट असायचं, आणि मध्ये ते न बोललेलं असायचं. मी वाढत असायचे, म्हणून मला ते दिसायचं.

मला ज्या भादव्याबद्दल सांगायचं आहे तो याच्या पुढच्या वर्षीचा. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. त्या साली पाऊस उशिरा आला. रोपं वाढून पिवळी पडायला लागली आणि एकदम पाऊस लागला, तेव्हा सगळ्या गावाचा रोवणा एकाच पंधरवड्यात आला. मजूर कुठून मिळणार? जनामायच्या नवऱ्याची कंबर धरली होती. तिच्या दोन बांध्या तशाच पडल्या होत्या.

एका सकाळी हिवराज टीमची सगळी पोरं घेऊन तिच्या बांधीवर हजर झाला. तिनं बोलावलं नव्हतं. तो सरळ चिखलात उतरला. पोरांनी चिखल केला, रोपांच्या पेंढ्या वाहून आणल्या आणि बायकांकडे फेकायला लागली. रोवणारी बाई मागं मागं सरकत असते. पेंढी तिच्या पुढ्यात पडली तर तिला उठून घ्यावी लागते. जनामाय ओरडली, "अरे पोट्ट्याहो, मी जिथं हावो तिथं कायले फेकता? मी जिथं जाऊन राहिली तिथं फेका! मांगं फेका, मांगं!"

तिची बांधी झाली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. पंधरा दिवस ती पोरं कुणाच्या ना कुणाच्या शेतात होती. पूर्वी वरच्या मोहल्ल्याची पोरं खालच्या मोहल्ल्याच्या पोराला बॉल देत नसत, हे आम्हाला पाळीवरूनही दिसायचं. आता तीच पोरं एकमेकांची भाकर खात होती. अंधार पडायच्या आत, अंगावरचा चिखलही न धुता, आखरावर जाऊन तासभर बॉल मारायची. माय म्हणायची, "याईले थकवा येत नाई का वो?" मला वाटतं, येत असावा. पण सगळ्यांनाच आलेला थकवा कुणा एकट्याला तितका जाणवत नाही.

जुना बॉल फाटला होता. मी त्या दिवसांत दोन रात्रींसाठी माहेरी गेले, तेव्हा हिवराजनं तो माझ्याकडे दिला. "वहिनी, सानगडीच्या बाजारात मोची बसते, त्याच्याकडून शिवून आना. लाजू नोका." लाज तर फार वाटली. तरण्या सुनेनं फाटका फुटबॉल घेऊन बाजारात बसायचं! मोच्यानं दोनदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पण टाके असे घट्ट घातले की येताना गाडीत तो बॉल मांडीवर धरून बसताना मलाच कसलातरी अभिमान वाटत होता. बनियनींचं काम मायनं घेतलं. अकरा पांढऱ्या बनियनी निळीच्या पाण्यात बुचकळून तिनं वाळत घातल्या. गावाला पहिल्यांदा रंग मिळाला.

आता खेळायला येणार कोण? आधल्या वर्षीची गोष्ट आसपासच्या गावांत पसरली होती. दोन गावांनी सरळ नाही म्हणून कळवलं. शेवटी यांच्या ओळखीनं जवाहरनगरच्या क्वार्टर्समधली पोरं यायला तयार झाली. तिथल्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नोकरीला असलेली, देशभरातून आलेली ती माणसं. त्यांची टीम म्हणजे आमच्यासाठी मोठीच गोष्ट होती. त्यांना बूट होते, गुडघ्यापर्यंत पट्ट्यांचे मोजे होते. त्यांनी एकच निरोप धाडला, की रेफ्री गुरुजी असतील तर येऊ.

गावात कुजबूज झाली. "घरचाच रेफ्री हाय, मंग चिंता कायची," असं कोणी म्हणे. यांनी ते ऐकलं आणि चहा अर्धा ठेवून उठले. त्या रात्री मला म्हणाले, "बाई, मी नाई म्हनलो त ते येत नाईत. अन् हो म्हनलो त माझं गाव मले घरचा समजते. काय करू?" मनातून मीही त्यांना घरचंच समजत होते.

मॅचच्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि दुपारी पुन्हा झिमझिम सुरू झाला. पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. माय आणि मी सकाळीच भात-भाजी करून आलो होतो. जनामाय खरंच चुलीजवळ आली नव्हती. पण पाळीवर ती माझ्या आधी येऊन बसली होती. "पाहाले काय जाते," म्हणाली.

खेळ सुरू झाला आणि दहा मिनिटांत त्यांनी गोल केला. सुरेख गोल होता. बॉल त्यांच्या पायांत असा फिरायचा, जणू त्याला वाट ठाऊक आहे. मी हिवराजकडं पाहिलं. सगळेच त्याच्याकडं पाहत होते. त्यानं जाळ्यातून, म्हणजे मागच्या बेशरमाच्या झुडपातून, बॉल काढला आणि पळत पळत मधोमध आणून ठेवला. पळत. एवढंच. पण पाळीवरची एक म्हातारी बाई पुटपुटली, "औंदा वेगळे हायेत पोट्टे."

आणि वेगळेच होते. मी तसा खेळ पुन्हा पाहिला नाही. त्यांच्याकडं कसब होतं, आमच्याकडं न थांबणं होतं. बॉल गेला तर एक जण धावायचा, तो चुकला तर दुसरा, तो घसरला तर तिसरा. कुणी कमरेवर हात ठेवून उभा राहिला नाही. कुणी कुणाला शिवी दिली नाही. बूटवाल्यांचे बूट चिखलात रुतायचे, आमच्या पोरांचे अनवाणी पाय त्या चिखलाला ओळखत होते. नीळ पावसात उतरायला लागली. हाफ टाइमपर्यंत बनियनी पुन्हा पांढऱ्या आणि पोरांची पोटं निळी झाली होती. मायनं कपाळावर हात मारला. मीही हसत सुटले, इतकी की डोळ्यांना पाणी आलं.

दुसऱ्या हाफमध्ये पाळच्या पाळ बोलू लागली. "धाव रे, धाव!" "सोडू नोको त्याले!" जनामाय तर उभीच राहिली होती. वरच्या मोहल्ल्याचा एक किडकिडीत पोरगा, शालिक, बॉल घेऊन पुढं गेला, त्याला तिघांनी घेरलं. "मांगं फेक!" जनामाय किंचाळली. त्यानं मागं न पाहता टाचेनं बॉल मागं मारला, आणि तिथं खालच्या मोहल्ल्याचा पोरगा धावत येतच होता. गोल! पाळीवरून पोती उडाली, छत्र्या उडाल्या. मी शेजारच्या बाईला मिठी मारली. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

एकास एक. वेळ संपत आली होती. त्यांचा कॅप्टन, दक्षिणेकडचा उंच माणूस, बॉल घेऊन आमच्या गोलकीपुढं आला. चिखलात सात-आठ जणांची झिम्मड झाली. त्यानं मारलेला बॉल वर उसळला आणि हिवराजच्या हाताला लागला. मुद्दाम की चुकून, सांगता यायचं नाही. पण लागला. मी उंचावर बसले होते. मला स्पष्ट दिसला.

आणि मी ओरडले, "नाई लागला! नाई लागला!"

माझ्यामागून सगळी पाळ ओरडली. यांनी एकदा हिवराजकडं पाहिलं. मग शिट्टी वाजली. हे पुढं आले आणि बोटानं पेनल्टीची जागा दाखवली.

गाव ओरडत होतं. एक-दोन माणसं आखरात उतरू लागली. बॉल शालिकच्या हातात होता, तो द्यायला तयार नव्हता. हिवराज त्याच्याकडं चालत गेला. आता हा बॉल काखेत मारणार आणि निघणार, असंच मला वाटलं. माय माझा हात घट्ट धरून म्हणाली, "नोको रे बाबा, नोको." त्यानं शालिकच्या हातातून बॉल घेतला. ओल्या बनियनीनं त्याच्यावरचा चिखल पुसला. मग यांनी दाखवलेल्या जागेवर नेऊन ठेवला, दोन पावलं मागं सरकला आणि उतरलेल्या माणसांना म्हणाला, "बाहेर व्हा. खेळ बाकी हाय."

त्यांनी गोल केला. दोनास एक.

त्यानंतरची पाच-सात मिनिटं मी विसरूच शकत नाही. हरलेली माणसं अशी खेळत नाहीत. हिवराजसुद्धा मागची जागा सोडून पुढं आला. लाटेवर लाट यावी तशी पोरं त्यांच्या गोलकीवर जात होती. एकदा बॉल बांबूला लागला, तो आवाज पाळीपर्यंत आला. एकदा शालिक बॉलसकट गोलकीत घसरत गेला, बॉल बाहेर राहिला आणि तो आत. मग शेवटची लांब शिट्टी वाजली आणि दोन्हीकडची पोरं होती तिथंच चिखलात बसली.

आम्ही हरलो होतो. पण पाळीवरून कोणी उठेना. आधी एका कोपऱ्यातून टाळ्या आल्या, मग सगळीकडून. म्हातारे एकमेकांना सांगत होते, "हरले, पन कोनी उभा नाई राहिला गा." "लगित भारी खेळले पोट्टे." "असे खेळून हरले त काय बिघडलं?" ज्या माणसांनी आधल्या वर्षी या पोरांना आखरावर पाऊल ठेवू देणार नाही म्हटलं होतं, तीच माणसं खाली उतरून त्यांच्या निळ्या पाठी थोपटत होती.

मी वळून पाहिलं तर जनामाय शेजारी नव्हती. शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसली, तेव्हा पदर खोचून भाताचं टोपलं घेऊन तीच पुढं होती. बूट काढून मांडी घालून बसलेल्या त्या उंच कॅप्टनला तिनं तिसऱ्यांदा भात वाढला. तो हात आडवा करत हसून म्हणाला, "अम्मा, आपके लड़के थकते नहीं क्या?"

"थकते कैसे?" जनामाय म्हणाली. "रोवना होके गया ना!"

त्याला काही कळलं नसावं. पण तिच्या आवाजात जे होतं ते कळलं असावं, कारण त्यानं भात मुकाट्यानं घेतला.

पंगत उठल्यावर दोघे भाऊ विहिरीवर पाय धूत होते. मी पाणी ओढून देत होते. मग हिवराज म्हणाला, "दादा, दुसरा कोनी असता त नसती देल्ली त्यानं पेनल्टी."

"तू नसता ठेवला बॉल, त माझी शिट्टी काय कामाची होती," हे म्हणाले. आणि आपले पाय धुऊन उरलेलं पाणी त्यांनी धाकट्या भावाच्या निळ्या पाठीवर ओतलं. त्या दिवसापासून आमच्या जेवणात पुन्हा फुटबॉल आला.

मला मात्र एक गोष्ट खुपत राहिली. साऱ्या गावासमोर मी खोटं ओरडले होते, तेही नवरा रेफ्री असताना. यांना ठाऊक नसणार, एवढ्या गलक्यात कोण कुणाचा आवाज ओळखतो, असं मी स्वतःला समजावलं. त्या वर्षी धान बरं झालं. पुढच्या भादव्यात चार गावांच्या टीमा आल्या. मुलं झाली, ती शिकली. हे रिटायर झाले, आम्ही भंडाऱ्याला आलो. मी कधी बोलले नाही.

परवाची गोष्ट. दुपारी पाऊस थांबला होता. हे ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, समोर दोन-चार पोरं गल्लीतल्या पाण्यात बॉल मारत होती. मी सुपात भाजी घेऊन शेजारी निवडत बसले आणि काय वाटलं कोण जाणे, सांगून टाकलं. म्हटलं, "तुम्हाले एक सांगायचं होतं. त्या मॅचले हिवराज भावजीचा हात लागला होता. मले दिसलं होतं. तरी मी नाई लागला म्हनून ओरडली."

यांनी पेपर खाली केला. माझ्याकडं पाहिलं आणि हळूहळू हसायला लागले.

"मले मालूम हाय," म्हणाले.

"कसं मालूम? एवढ्या गोंधळात माझा आवाज ऐकू आला?"

"गोंधळ नंतर झाला. पैला आवाज तुझाच होता." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "मले काही दिसलं नव्हतं वो. पुढं सात-आठ पोट्टे, सारा चिखल. पाहुन्याईनंही काही मांगितलं नाई. मी 'चालू द्या' म्हननारच होतो. तेवढ्यात तू वरून ओरडली, नाई लागला. मी म्हनलो, लागलाच नाई त ही कायले ओरडून राहिली? मंग हिवराजकडं पाहिलं. तो खाली पाहून राहिला होता. वाजवली शिट्टी."

मी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. म्हणजे गाव ती मॅच यांच्यामुळं हरलं नव्हतं, हिवराजमुळंही हरलं नव्हतं.

"इतक्या वर्षांत सांगितलं नाई तुम्ही?"

"कसं सांगनार?" पेपर पुन्हा वर करत हे म्हणाले. "तुले त्या गावात राहाचं होतं ना, बाई."